डॉक्टर फानोर सीडी प्लेयर निवडतात

"ज्याला खाच नाही त्याला आत्मा नाही. मग ती तबकडी असो, माणूस असो नाहीतर संस्कृती. जखमेवरून सुई फिरल्याशिवाय जगात आजवर एकही खरा सूर उमटलेला नाही, आणि ज्या दिवशी माणसानं ती सुई काढून तिथे प्रकाशाचा किरण बसवला त्या दिवशी आपण सगळे मेलो, फक्त कळवायचं राहिलं," असं डॉक्टर फानोर लेनिस म्हणाले, आणि खुर्चीतल्या बाईंनी, तोंडात कापसाचे बोळे आणि एक नळी असल्यामुळे, "ऑं" एवढंच उत्तर दिलं. डॉक्टरांनी ते संमतीदर्शक धरलं. काली शहरात आलामेदाच्या बाजारामागे त्यांचा दवाखाना होता आणि तिथे आयुष्यभर त्यांचे सगळे सिद्धांत असेच बिनविरोध मंजूर होत आले होते. विरोधी मत असलेल्याला ते आधी इंजेक्शन देत. कॉम्पॅक्ट डिस्क ही वस्तू जगात आली, वाढली, म्हातारी झाली आणि जवळजवळ वारलीसुद्धा, पण डॉक्टरांच्या घरात तिला उंबरा ओलांडता आला नाही. मुलीनं एकदा वाढदिवसाला छोटा सीडी प्लेयर आणला होता, तो त्यांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या पाद्रीबुवांना दान केला. पाद्रीबुवांचे दात त्यानंतरही चांगले राहिले, याचं डॉक्टरांना थोडं आश्चर्य वाटलं होतं.

आणि त्या रविवारी सकाळी ट्रम्पेट आलंच नाही. म्हणजे झालं असं, की डॉक्टरांनी नेहमीसारखे कोपरापर्यंत हात धुतले, शस्त्रक्रियेला धुवावेत तसे, आपली ती जुनी, लाडकी छोटी तबकडी दोन तळहातांच्या कडांमध्ये धरून टर्नटेबलवर ठेवली, सुई टेकवली आणि डोळे मिटले. कोंगाचे ढोल आले, पियानो आला, तो पोरगेला गायक धापा टाकत आला, आणि मग त्याच्या शेवटच्या ओळीवर पाय देऊन जे ट्रम्पेट उसळून वर जायचं तिथे नुसता चर्रर्र असा तळणाचा आवाज आला. क्षणभर त्यांना वाटलं, हा स्वयंपाकघरातला. त्यांची बायको ओफीर तिकडे खरोखरच हिरवी केळी तळत होती. त्यांनी उठून दार लावलं आणि सुई मागे नेली. पुन्हा तळण. दार लावलेलं, तरी तळण. इतकी वर्षं त्यांनी त्या एवढ्याशा जागेवरून सुई फिरवली होती की सुईनं ट्रम्पेट खाऊन टाकलं होतं. काढलेल्या दाढेच्या जागी जीभ जशी पुन्हापुन्हा जाते तसं त्यांचं मन त्या खड्ड्यात जाऊ लागलं, आणि दर वेळी तिथे काही नाही हे नव्यानं कळून दचकू लागलं. गंमत अशी, की ते खाण्याचं पाप कुणा किरणाचं नव्हतं. सुईचं होतं. हा विचार त्यांनी लगेच, घाण जागी पाऊल पडावं तसा, झटकून टाकला.

त्या तबकडीला नाव नव्हतं. शाळकरी पोरांच्या रविवार दुपारच्या नाचात, जिथे दारू नसायची आणि लुलोचं आंबटगोड सरबत पिऊनच सगळ्यांना चढायची, तिथे बिस्कोचो नावाचा एक गाणी लावणारा होता. आपलं गाणं दुसऱ्या गल्लीतल्या गाणी लावणाऱ्याला कळू नये म्हणून तो प्रत्येक तबकडीवरचा गोल कागद सुरीनं खरवडून काढायचा. नाव गेलं, गायक गेला, कंपनी गेली, जे काही छापलेलं होतं ते गेलं. सगळेच असं करायचे. त्यामुळे कालीतली एक अख्खी पिढी बिननावाच्या गाण्यांवर प्रेमात पडली. फानोरही तसाच पडला. हिरव्या फ्रॉकातली ओफीर समोर उभी होती, बिस्कोचोनं ही तबकडी लावली, आणि फानोरच्या लक्षात आलं की ही मुलगी नाचत नाहीये, ही जमिनीवरून ठिणग्या उडवतेय. त्यानं पाऊल टाकलं, तोवर ठेका पुढे गेला होता. त्यानं दुसरं टाकलं, तेही गाडी गेल्यावर स्टेशनात शिरल्यासारखं. अर्धा ठोका मागे. सबंध गाणंभर अर्धा ठोका मागे. ट्रम्पेट वर गेलं तेव्हा तर तो एका जागी उभा राहून नुसता वर बघत होता. ओफीर हसत म्हणाली होती, "नाचताना तू विचार करतोस का रे?" ती थट्टा होती. फानोरनं ते निदान समजून घरी नेलं. पुढच्या रविवारी तो बिस्कोचोच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सुई मी धरतो." तिथून तो कधी हललाच नाही. लग्न झालं, मुलगी झाली, दवाखाना झाला. आणि प्रत्येक लग्नात, वाढदिवसाला, डिसेंबरच्या जत्रेत ओफीर मैदानात आणि फानोर सुईपाशी. लोक म्हणत, काय दर्दी माणूस! दर्दी म्हणजे ज्याला नाचता येत नाही आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही असा माणूस, ही व्याख्या डॉक्टरांनी स्वतःच कधीतरी मनात केली होती, पण ती त्यांनी बधिर केलेल्या पेशंटलासुद्धा ऐकवली नव्हती.

आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलीनं हॉल घेतला होता, आणि रिवाजाप्रमाणे पहिला नाच नवराबायकोनं करायचा होता. आठवड्यापूर्वी ओफीर पान्देबोनोचा, त्या चीजच्या पावाचा, तुकडा गरम चॉकलेटमध्ये बुडवत सहज, अगदी सहज, म्हणाली होती, "पहिला नाच मी हूव्हरबरोबर उरकून घेते. तू आपलं ते पळापळीचं गाणं लाव. तुला नाही ना वाईट वाटणार?" "छे," डॉक्टर म्हणाले होते. आणि ते 'छे' त्यांच्या घशात अजून माशाच्या काट्यासारखं आडवं होतं.

हूव्हर सुनिगा हा त्यांचा बालमित्र. कमरेत वंगण घातलेला म्हातारा. त्याची टोपी घातलेली दाढ हलत होती म्हणून तो सोमवारी खुर्चीत येऊन बसला. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून ट्रम्पेटची सगळी हकीकत सांगितली. हूव्हर हातवारे करत होता, डोळे फिरवत होता. डॉक्टरांना वाटलं, कळवळला. शेवटी थुंकायला मिळाल्यावर तो म्हणाला, "अरे गाढवा, मघापासून तेच सांगतोय! ते गाणं सापडलंय. मूळ टेपवरून नव्यानं काढलंय. मी ऐकलं नाही अजून, पण ज्यानं मला दिलं तो शपथेवर सांगतो की तेच."

"तबकडी कुठाय?"

"तबकडी नाही." हूव्हरनं टॉवेलनं तोंड पुसलं. "सीडी आहे."

हूव्हरनं कोटाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी वस्तू काढली आणि ट्रेमध्ये, चिमट्यांच्या शेजारी, ठेवली. "कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "पण गेल्या जत्रेत माइकवरून तू सीडीवाल्यांबद्दल काय बोलला होतास ते मात्र मला पाठ आहे हं."

शेण खायचंच तर ते सोन्याच्या ताटात खावं, असा डॉक्टरांनी रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. पाद्रीबुवांना दिलं तसलं खेळणं त्यांना चालणार नव्हतं. जगातलं सर्वोत्तम यंत्र घ्यायचं, म्हणजे ती शरणागती न राहता तह होतो. नदीपलीकडच्या ग्रानादा वस्तीत अशा वस्तूंचं एक दुकान होतं. काळा चष्मा घालून डॉक्टर तिथे शिरले तेव्हा त्यांची छाती सतरा वर्षांच्या पोरासारखी धडधडत होती, आणि हे त्यांना अजिबात अपेक्षित नव्हतं. आत गारवा होता, जाड गालिचा होता, आणि लाकडी फळ्यांवर ती यंत्रं एकेका दिव्याखाली बसली होती, मौन पाळलेल्या बिशपांसारखी. पन्नाशीच्या एक बाई पुढे आल्या. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग जरा निरखून पाहिलं.

"डॉक्टर लेनिस ना तुम्ही? मी एदिल्मा. माझी अक्कलदाढ तुम्हीच काढलीत."

"असेल, असेल." डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, सीडी ऐकणं म्हणजे आरशातल्या बाईचा मुका घेणं. मला त्यावर बोलायचं होतं हो. पण जीभच सापडेना."

"आता बोला."

"आता कशाला? आता तुम्ही आलातच की," एदिल्माबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आतल्या खोलीचा दरवाजा उघडला.

त्या खोलीत एकच कोच होता आणि समोर माणसाएवढे उंच दोन स्पीकर. दुकानातलीच एक चकती घालून पहिलं यंत्र लावलं तेव्हा पियानो आला आणि डॉक्टरांना स्वतःचा दवाखाना आठवला. स्वच्छ, पांढरा, प्रत्येक सूर उकळून निर्जंतुक केलेला. ऐकताना नकळत तोंड उघडावंसं वाटे. "नको," ते म्हणाले, "याला जखमच नाही." दुसऱ्याच्या अंगात काचेचे छोटे दिवे पेटत होते आणि त्यातून तोच पियानो मधात बुडवून काढलेल्या चोन्तादुरोच्या फळासारखा आला, गोड, पिठूळ, जरासा घशाशी अडकणारा. हे डॉक्टरांना आवडलं, आणि आवडलं म्हणून संशय आला. तबकडीसारखा वाटणारा सीडी प्लेयर म्हणजे, त्यांना वाटलं, आपल्या बायकोसारखी दिसणारी परकी बाई. तिच्याशी काय बोलायचं हा प्रश्नच. आणि मग एदिल्माबाईंनी तिसऱ्याकडे हात केला. त्याला पुढे जीभ काढणारा खण नव्हता. वर जाड काचेचं झाकण होतं. ते हातानं सरकवायचं, चकती आत ठेवायची, आणि तिच्यावर तळहाताएवढं एक पितळी वजन अलगद टेकवायचं. डॉक्टरांनी एदिल्माबाईंना थांबवलं. "हात कुठे धुता येतील?" ते म्हणाले. हात धुऊन आले, वजन उचललं. त्याला भार होता. विधी होता. आकड्यांतून आवाज घडवणाऱ्या त्या डब्याला कुणीतरी, कुठल्यातरी थंड देशात, हे ठाऊक असलेला माणूस भेटला होता की ऐकण्याची सुरुवात बोटांपासून होते. पियानो आला, आणि त्यांना वादकानं बाक पुढे ओढल्याचं ऐकू आलं. पेडलवरचा बूट ऐकू आला. "देवा रे," ते म्हणाले, "हा माणूस इथेच बसलाय!" त्यांना उठून त्या पियानोवाल्याला नमस्कार करावासा वाटला. ते पुन्हा लावा म्हणाले, मग पुन्हा. आयुष्यभर शिव्या दिलेल्या गावात उतरावं आणि स्टेशनावरच आपला सख्खा भाऊ भेटावा तसं त्यांना वाटत होतं. लाज होतीच, पण लाजेला गुदगुल्या होत होत्या.

"हेच," डॉक्टर म्हणाले. "पण आधी परीक्षा." त्यांनी हूव्हरच्या सीडीवरचं वर्तमानपत्र सोडलं.

कोंगा आले. आणि डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. पियानो आला, जणू जेवण झाल्यावर हात पुसत आला. मग एक जाडजूड, पोट सुटलेला, दाढी न केलेला माणूस गाऊ लागला. तो पोरगेला गायक नव्हताच. शब्द तेच होते, चाल तीच होती. पण कुणीतरी ते सगळं दुपारच्या उन्हात झोपाळ्यावर टाकलं होतं.

"बाई, याची शक्ती गेली. आतला पट्टा सैल झालाय."

"यात पट्टा नसतो, डॉक्टर."

"मग दुसऱ्यावर लावा."

दुसऱ्यावरही झोपाळा. पहिल्यावर निर्जंतुक झोपाळा. "तुमची तिन्ही यंत्रं बिघडली आहेत," डॉक्टरांनी जाहीर केलं.

एदिल्माबाईंनी चकती काढून हातात घेतली. मग, दुखऱ्या दाताशी बोलावं तितक्या हळू, त्यांनी विचारलं, "घरची तबकडी तुम्ही किती वेगावर लावता?"

"पंचेचाळीसवर. छोटी तबकडी आहे. छोटी पंचेचाळीसवरच असते."

"आपल्याकडे छोट्याही तेहतीसच्या निघायच्या तेव्हा. माझ्या वडिलांकडे होत्या. तुमच्या तबकडीवर वेग छापलेला असेल की."

छापलेला असेल. बिस्कोचोच्या सुरीनं खरवडलेल्या त्या गोल कागदावर छापलेला असेल. आणि डॉक्टरांना एकदम घाम फुटला, कारण ही गोष्ट तर ते स्वतः पेशंटना रंगवून सांगत, की आपल्या कालीतल्या पोरांना तेहतीसची गाणी मिळमिळीत वाटायची, म्हणून आपण ती पंचेचाळीसवर लावून नाचायचो आणि म्हणून आपलं शहर जगात सगळ्यांत जलद नाचतं. सगळ्या शहराची ही लाडकी लबाडी. इतर गाण्यांची त्यांना माहीत होती. फक्त या एका गाण्याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. येईल कशी? आपण ज्यात पहिल्यांदा हरलो ती शर्यतच खोटी असेल असं कुणाला वाटतं? ते कोचावर बसले. मग जे आपण सांभाळलं ते काय होतं? तो पोरगेला गायक जगात कधी जन्मलाच नव्हता, त्याच्यासाठी त्यांनी उगीच इतकी वर्षं हात धुतले. आणि ओफीर म्हणून जी मुलगी पाहिली, ठिणग्या उडवणारी, तीही एका सुरीनं आणि एका बटणानं बनवलेली? खोलीतला गारवा त्यांच्या मानेवर येऊन बसला.

एदिल्माबाईंनी न सांगताच चकती पुन्हा तिसऱ्या यंत्रात ठेवली, पितळी वजन टेकवलं. गाणं पहिल्यापासून निघालं. आणि शेवटच्या ओळीनंतर, जिथे त्यांच्या घरी आता फक्त तळण होतं, तिथे एका माणसानं श्वास घेतला. डॉक्टरांना तो छातीत हवा भरताना ऐकू आला. मग ट्रम्पेट आलं. ते उसळलं नाही. ते पायऱ्या चढत गेलं, प्रत्येक पायरीवर थोडं थांबून, वर कुणी आहे का असं विचारत. आणि डॉक्टरांच्या डाव्या पायानं गालिच्यावर ठोका दिला. बरोबर ठोक्यावर. त्यांनी पायाकडे पाहिलं. पायानं पुन्हा दिला. पुन्हा बरोबर. ते उभे राहिले. उजवा पाय मागे गेला, कंबर, त्यांची स्वतःची, दंतवैद्याची कंबर, आपोआप वळली, आणि ठेका तिथे त्यांची वाट बघत उभा होता. मी मंद नव्हतो, डॉक्टरांच्या डोक्यात एकदम दिवाच लागला. मी मंद नव्हतोच! तबकडी पळत होती! बाकीचे सगळे खोट्या वेगावर खरे नाचले आणि मी एकटा त्या जाड्या गायकाच्या, त्या श्वास घेणाऱ्या ट्रम्पेटवाल्याच्या मूळ ठेक्याला धरून होतो, न ऐकताच धरून होतो! सतराव्या वर्षी! त्यांना हसू आवरेना. एदिल्माबाईंचा हात धरून त्यांनी त्यांना एक गिरकी दिली. "अहो डॉक्टर," बाई गालिच्यावर अडखळत म्हणाल्या, "दाढ काढताना तुमचा हात इतका हलका नव्हता."

डॉक्टरांनी घरी फोन लावला. "ओफीर, टॅक्सी कर आणि ग्रानादात ये. नाचाचे बूट घालून."

"फानोर, तुझं तोंड वाकडं झालंय का? हात वर होतोय? एकदा हस बघू."

"फोनवर हसून तुला काय दिसणार? ये!"

ओफीर आली ती पायांत नाचाचे बूट आणि हातात रक्तदाबाच्या गोळ्या अशी. फॅरायोनेस डोंगरावरून पाच वाजता सुटतो तो वारा तिच्या पांढऱ्या केसांत अजून होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, एदिल्माबाईंकडे जरा जास्त पाहिलं. "हे घेण्यासाठी मला बोलावलंस? तू? सीडी?" डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी हात धुतलेलेच होते. त्यांनी झाकण सरकवलं, वजन टेकवलं, आणि तिच्यासमोर येऊन, बिस्कोचोच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच, हात पुढे केला.

"हे ते आपलं?" दोन ओळींनंतर ओफीर म्हणाली. "याला झालंय काय? आजारी आहे का?"

"हे असंच होतं. पहिल्यापासून. नाच."

आणि ते नाचले. डॉक्टर फानोर लेनिस नाचले. एकही पाऊल उशिरा पडलं नाही. ओफीरचा हात त्यांच्या खांद्यावर आधी सावधपणे होता, पेला हिंदकळेल म्हणून धरतात तसा. मग तो विसावला. तिच्या केसांना तळलेल्या केळ्यांचा वास होता, आणि तो त्यांना इतक्या जवळून, इतका वेळ, संगीत चालू असताना, कधी आलाच नव्हता, कारण संगीत चालू असताना ते नेहमी दुसरीकडे उभे असत. जाड्या गायकाची शेवटची ओळ आली. ट्रम्पेटवाल्यानं श्वास घेतला, डॉक्टरांनीही घेतला, आणि ते दोघं बरोबरच वर चढले. प्रत्येक पायरीवर ओफीर होती. पहिला नाच मी करणार, ते मनात म्हणत होते, भर हॉलमध्ये, हूव्हर सुनिगा बसेल खुर्चीत. हे यंत्र मी डोक्यावर घेऊन जाईन. जत्रेत माइकवरून सांगेन, की माझं चुकलं, की सत्याला कधीकधी काचेचं झाकण असतं. शेवटच्या ठोक्यावर त्यांनी ओफीरला मागे झुकवलं, गुडघे कुरकुरले, पण झुकवलं, आणि वर आणलं. एदिल्माबाईंनी टाळ्या वाजवल्या. ओफीरचे गाल लाल झाले होते. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम आपल्या रुमालानं टिपला, आणि म्हणाली, "छान नाचलास रे, फानोर. खरंच छान."

मग ती एदिल्माबाईंकडे वळली, आणि आवाज जरासा खाली आणून, नवऱ्याच्या मनाला लागू नये इतपत खाली आणून, म्हणाली, "अहो बाई, याला जरा पळवायचं काही बटण असतं का हो?"